आहुप्याची भाची

१२ जानेवारी, रविवार

ही वही मराठीतच लिहायची असं ठरवलंय. एक तर माझं बंगाली लिहिणं तिसरीतल्या पोरीसारखं आहे. शिवाय बाबांना आणि आईला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे मी काय लिहिते ते त्यांना कळणार नाही. (आईला मी हाक मारते 'मा'. पण 'माला' आणि 'मला' यात गोंधळ होतो, म्हणून इथे आईच लिहीन.)

आज मला काय वाटतंय ते त्यांना कळायला नको. मला भीती वाटतेय.

बाबा आज बाजाराला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. दर थंडीत सायकलवर गठ्ठा बांधून ब्लँकेटं विकायला येतो ना, यूपीचा माणूस, त्याला स्टँडजवळ लोकांनी धरून मारलं. त्यानं कुणाच्या तरी मुलाला गंमत म्हणून गठ्ठ्यावर बसवलं होतं म्हणे. लगेच कुणीतरी ओरडलं, मुलं पळवणारा आहे. मग दुसरा म्हणाला, बांगलादेशी आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं, टुकीचं, गुलाबी ब्लँकेट आईनं त्याच्याकडूनच घेतलंय.

"भाजी का नाही आणली?" आईनं विचारलं.

बाबा म्हणाले, भाव विचारायला तोंड उघडावं लागतं.

तेव्हापासून घरात नियम झालाय. बाहेर बंगालीत बोलायचं नाही, आणि घरातही हळू बोलायचं. टुकी पाच वर्षांची आहे. तिला हा खेळ वाटतो. ती माझ्या कानात येऊन "दीदी, भूक लागली" असं कुजबुजते आणि हसते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला आरतीच्या घरी गेले. कूचबिहारहून आम्ही आलो तेव्हा मी दुसरीत होते आणि वर्गात मला कुणाचं काही समजायचं नाही. तेव्हा आरतीनंच मला शेजारी बसवून घेतलं होतं. आता आम्ही दोघी दहावीला आहोत.

तिचा मोठा भाऊ सुदर्शन घरी होता. तो मंचरला कॉलेजला आहे. एरवी तो माझ्याकडे बघतही नाही. आज मात्र स्वतःहून बोलला.

"काय गं, बाजारात झालं ते ऐकलंस ना? तुमी तिकडं रानात एकटेच राहता. कोण कोण असतं?"

मी सांगितलं, आम्ही चौघंच. गेल्या आठवड्यात बाबांचे एक मावसभाऊ शिरूरकडून येऊन राहून गेले, पण ते तेवढंच. संध्याकाळी बाबा कोंबड्यांच्या मागच्या शेडचे पडदे सोडायला जातात, तेव्हा खोलीत आम्ही तिघीच असतो. पुढच्या दाराला कडी चांगली आहे, पण ज्वारीच्या बाजूच्या दाराची कडी तुटलीय, तिथे आम्ही खाद्याची पोती लावून ठेवतो.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "काळजी घेत जा," म्हणाला.

इतक्या वर्षांत आमची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. येताना मी रस्ताभर उगाचच हसत होते. मुठीतला हलवा चिकट झाला तरी खायचं लक्षात आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

वेशीत फ्लेक्स लागलाय. परप्रांतीयांना खोली किंवा काम देणाऱ्यांनी आधी गावाला कळवावं, असं त्यावर लिहिलंय. खाली हात जोडून हसणाऱ्यांचे फोटो आहेत. मी बाबांना वाचून दाखवताना फक्त फोटोंबद्दल सांगितलं. वाढदिवसाचा आहे म्हटलं.

पण दादाभाऊंनी येऊन सगळं सांगितलंच. दादाभाऊ म्हणजे आई-बाबा काम करतात आणि आम्ही राहतो त्या पोल्ट्रीचे मालक. माणूस चांगला आहे. टुकीच्या वेळी आईला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

"तुमी काय घाबरू नगा," ते बाबांना म्हणाले. "माझ्या रानात पाय टाकायची कुनाची टाप न्हाई. अन् पिल्लं आत्ताशी टाकल्यात. बॅच निघूस्तवर कुटं जायाचं न्हाई हां."

साळूबाई तिथेच मेलेली पिल्लं घमेल्यात भरत होती. ती मंचरहून मजुरांच्या जीपनं रोज कामाला येते. दादाभाऊ गेल्यावर ती आईला म्हणाली, "तुजी पोरं आदी, मग त्याची पिल्लं. ध्यानात ठिव."

आईला किती कळलं कोण जाणे. पण तिनं मान हलवली.

२३ जानेवारी

अंधार पडताना रस्त्यावर दोन बाइक उभ्या होत्या. कुणी उतरलं नाही. हेडलाइट आमच्या खोलीवर मारून ठेवला आणि थोड्या वेळानं निघून गेले. बाबांनी खाट दाराला लावली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेले. जिलेबी मिळाली ती टुकीसाठी कागदात बांधून ठेवली होती.

बाहेर पडताना गावातल्या एका माणसानं अडवलं. ओळखीचा नाही. "तू पोल्ट्रीवरची ना? गाव कुठलं म्हनालीस?" मी कूचबिहार सांगितलं. त्याच्याबरोबरच्या पोरानं लगेच मोबाइलवर नकाशा काढला, मोठा केला. "हे बघा भाऊ. बॉर्डरला चिकटूनच हाय. हितनं उडी मारली की तिकडं."

ते म्हणत होते, दादाभाऊच्या पोल्ट्रीवर बंगाल्यांची ये-जा चालते, नवीन नवीन माणसं येऊन राहून जातात. हे कुठून काढलं मला समजेना. काका सोडून आमच्याकडे कुणीच आलेलं नाही, आणि ते आलेले गावात कुणाला ठाऊकही नाही.

आरती पलीकडे उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग चपलेत काहीतरी गेल्यासारखं खाली वाकली. ती बराच वेळ वाकूनच होती.

जिलेबी माझ्या हातात चुरगळली. टुकीनं ती तशीच खाल्ली.

३० जानेवारी, गुरुवार

घरात भांडण. कुजबुजत भांडतात तेव्हा जास्त भयंकर वाटतं.

आई म्हणते, आत्ता निघू, अंगावरच्या कपड्यानिशी. बाबा म्हणतात बॅच. आई म्हणते, खड्ड्यात जाऊ दे बॅच. मग बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी रडायला लागले. एकवीस फेब्रुवारीला माझा पहिला पेपर आहे. आता गेले तर दहावी बुडाली. तिकडे मला कुठली शाळा घेणार, आणि कुठल्या भाषेत? मी म्हटलं, तुम्ही जा, मी इथे एकटी राहते. मी ओरडून म्हटलं, तेही मराठीत.

बाबा म्हणाले, ठीक आहे, परीक्षा होईपर्यंत थांबू.

मी जिंकले. पण आई मला ताट वाढताना माझ्याकडे बघत नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल झालं ते लिहिते. अक्षर कसंही येईल.

संध्याकाळ होती. बाबा मागच्या शेडचे पडदे सोडायला गेले होते. आई भात चढवत होती, मी भूमिती करत होते. बाइकचे आवाज आले आणि बंद झाले. मी धावत जाऊन पुढच्या दाराची कडी लावली, वरून खाट ओढली. तेवढ्यात मागची पोती पडली. ते सरळ ज्वारीतून आले, पुढच्या दाराकडे कुणी फिरकलंच नाही.

सात-आठ जण होते. तोंडाला रुमाल. एक जण बांधावर बाइकवरच बसून राहिला, हेल्मेट घालून. तो शेवटपर्यंत उतरला नाही.

दोघांनी बाबांना कॉलर धरून शेडमधून आणलं. आधार कार्ड मागितलं. बाबांनी दिलं. ते बघून त्यानं कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात टाकलं. "असली कार्डं तिकडं ढिगानं मिळत्यात."

"हम लोग इदर नौ साल से है, दादा," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी बोलले तर थांबतील. मला खरंच तसं वाटलं. मी पुढे होऊन म्हणाले, "दादा, आम्ही इथलेच आहोत. मी इथल्याच शाळेत शिकले, दहावीला आहे. कुणालाही विचारा."

एक जण म्हणाला, "आयला, हिचं मराठी बघ. आपल्यापरीस भारी हाय राव."

दुसरा म्हणाला, "मंग? किती वर्सांपास्नं घुसल्यात त्ये वळख त्याच्यावरनं."

मी मागे सरकले.

त्यांनी बाबांना सांगितलं, मराठीत शंभरपर्यंत आकडे म्हण, उठाबशा काढत. एक जण मोबाइल धरून उभा. बाबांना वीसपर्यंत नीट येतात. पुढे ते चुकायला लागले. एकोणतीसला 'नव्वीस' म्हणाले आणि सगळे हसले, आणि एकानं बाबांच्या कानाखाली वाजवली. म्हणून मी मागून सांगायला लागले, एकोणतीस, तीस, एकतीस. मी म्हणायची, बाबा माझ्यामागून म्हणायचे. थोड्या वेळानं बाबांना दम लागला, त्यांचा आवाज येईना, मग मी एकटीच म्हणत होते आणि ते नुसते खाली-वर होत होते. मी थांबले असते तर त्यांनी मारलं असतं. म्हणून मी थांबले नाही. तेवढ्यात टुकीही टाळ्या वाजवत माझ्याबरोबर म्हणायला लागली. तिला वाटलं शाळा शाळा.

आईनं टुकीच्या तोंडावर हात ठेवला.

दंग्यानं कोंबड्या बिथरल्या. बिथरल्या की सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. तो आवाज ऐकून बाबा उठाबशा सोडून म्हणाले, "दादा, मुर्गी दब जायेगा, दो मिनिट," आणि शेडकडे धावले. कुणी अडवलं नाही. त्यांनाही काय करावं समजलं नसावं. जाताना एक जण माझ्याकडे बोट करून म्हणाला, "शनवारी हितं दिसला नाय पायजेत."

बाबा खूप वेळ कोंबड्या वेगळ्या करत राहिले. आत आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मागचं दार त्यांना कसं ठाऊक?"

मी आठवून सांगितलं. साळूबाईला माहीत आहे, दादाभाऊंना, खाद्याच्या टेम्पोवाल्याला. तेवढेच आठवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाभाऊ सकाळीच आले. हातातल्या गाडीच्या चाव्या सारख्या वाजवत होते.  त्यांच्या घरीही कुणीतरी जाऊन आलं होतं.

मी म्हटलं, "पोलिसात जायचं का?"

"जाता यील की. पन बाई, तितं आदी तुमचीच चौकशी हुईल. अन् त्ये झालं की तुमी जाशीला निघून, मला हितंच ऱ्हायाचंय." मग खाली बघून म्हणाले, "मी पिकअप देतो पुन्यापत्तोर. ह्याच्याम्होरं माजं काय चालत न्हाई."

बॅचचं नाव त्यांनी काढलं नाही.

आईनं सामान बांधायला घेतलं. मी कोपऱ्यात बसून राहिले. या वेळी मी हट्ट करणार नव्हते, खरंच नव्हते. साळूबाई माझ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "हिला मी न्हेते मंचरला. हिचं शेंटर तितंच हाय न्हवं? परीक्शा झाली की लावून देते. इचारलंच कुनी तर माज्या धाकट्या भनीची लेक, आहुप्याची. डोंगरातली हाय म्हनलं की बोलनं जरा येगळं आलं तरी कुनी कान देत न्हाई."

बाबा नाही म्हणाले.  मग आई साळूबाईला बाहेर घेऊन गेली. एकीला मराठीची दोन-चार वाक्यं येतात, दुसरीला बंगालीचा शब्द नाही, पण चार वर्षं दोघी रोज शेजारी बसून पिल्लं वेचतायत. काय बोलल्या देव जाणे. आत येऊन आईनं माझे कपडे तिच्या बोचक्यातून काढून वेगळे ठेवले.

नंतर तिनं हातातल्या शंखाच्या पांढऱ्या बांगड्या उतरवायला घेतल्या. आमच्याकडे त्या लग्नात घालतात, नवरा असेपर्यंत काढत नाहीत. पण त्या बांगड्या बघितल्या की बंगाली हे लांबूनही ओळखू येतं. निघत नव्हत्या. साबण लावून काढल्या. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

पिकअपमध्ये मागे क्रेट होते, त्यांच्या आड तिघं बसले. टुकीनं मला कानात विचारलं, "तू का येत नाहीस?" मी म्हटलं, पेपर आहे. तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

९ फेब्रुवारी, रविवार

साळूबाईची खोली मंचरच्या कडेला आहे. पत्र्याच्या खोल्यांची ओळ आणि पुढे एकच नळ. सगळे कुठून कुठून कामाला आलेले आहेत, पण इथलेच, आपल्याच जिल्ह्यातले. शेजारच्या बायकांनी विचारलं, "ही कोन गं?" साळूबाईनं ठरलेलं सांगितलं, पण नाव नाही; इथे सगळ्या मला 'पोरगी'च म्हणतात. एक म्हणाली, "आहुप्याची? मग तिकडं देवराईत बिबट्या दिसतो का गं अजून?"

मी आहुपे बघितलेलं नाही. मी म्हटलं, "कधी कधी."

आता साळूबाई मला रोज आहुपे शिकवते. देवराईतलं वाळलेलं लाकूडही घरी आणायचं नाही. पावसाळ्यात ढग दारातून आत येतात. मी इतिहासाच्या सनावळ्या पाठ कराव्यात तसं पाठ करते. झोपेत मी कुठल्या भाषेत बडबडते, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई बडबडत. दात खातीस निस्ते."

फोनवर कळलं, आई-बाबा आणि टुकी रेल्वेत बसलेत.

१५ फेब्रुवारी

साळूबाईला विचारलं, तू माझ्यासाठी एवढं का करतेस? म्हणाली, "तुज्यासाटी कशाला, मला सोबत हाय." मग भाकरी थापता थापता म्हणाली, ती लग्नानंतर डोंगरातून खाली खुरपायला आली, तेव्हा एका मळ्यात मोटारीची वायर चोरीला गेली. मालकानं डोंगराच्या सगळ्या माणसांना बांधावर ओळीनं उन्हात बसवलं. तिचा थोरला पोटात होता.

"मग?"

"मंग काय. वायर घावली त्याच्याच मेव्हन्याकडं. आमाला म्हनले, उटा, लागा कामाला."

"तुम्ही लागलात?"

"न लागून?" तिनं भाकरी उलटली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर.

मुली ऊन लागू नये म्हणून स्कार्फ बांधतात तसा मीही बांधला, फक्त डोळे दिसतील असा. केंद्राच्या गेटवर पोरांची, पालकांची गर्दी. सगळ्या शाळा तिथेच येतात. हॉल तिकिटावरच्या फोटोशी तोंड जुळवायला बाई म्हणाल्या, "स्कार्फ काढ." मी काढला. बर्मन तापसी निरंजन, असं त्यांनी मोठ्यानं वाचलं.  मागे कुणीतरी म्हणालं, "बर्मन म्हंजे कोन?" बाई म्हणाल्या, "पुढे चल."

आरतीची आणि माझी नजरानजर झाली. ती पांढरी पडली. पण तिनं कुणाला सांगितलं नाही.

सुटल्यावर गेटपाशी सुदर्शन बाइकवर होता, तिला न्यायला आलेला. हेल्मेट हातात. त्यानं मला बघितलं आणि झटकन मान फिरवली. आजूबाजूला त्याचे मित्र होते. त्यानं ओळख दाखवली असती तर मी संपलेच होते. तो एकटा असता तर बोलला असता, मला माहीत आहे. त्या दिवशी तो गावात असता तर त्यानं ते होऊ दिलं नसतं.

पेपर बरा गेला. निबंधात माझं गाव हा विषय होता. मी दुसरा निवडला.

२ मार्च, रविवार

सुदर्शन आला होता! पत्ता कसा काढला कुणास ठाऊक. काल इंग्रजीच्या पेपरनंतर मागे एक बाइक सावकाश येत होती आणि मी घाबरून गल्लीतून पळत आले होते, ती त्याचीच असेल तर मी उगाचच घाबरले.

तो नळाजवळच उभा राहिला. वाळलाय खूप. "बाबा कसे आहेत?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, गावी पोचले, गुडघे दुखतात. तो चपलेनं चिखल उकरत राहिला. "मला वाटलं नव्हतं एवढं..." म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "परीक्षा झाली की स्टेशनला तुला मी सोडतो. गाडी आहे माझ्याकडं. कुनाला कळणार नाही."

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात साळूबाई आतून आली. हातात विळा होता, भाजी चिरत होती म्हणून.

"तुला हितला पत्ता कुनी दिला?"

"कुनी नाही, मावशी, मी सहज..."

"सहज आलास तसा सहज जा. अन् ह्या पोरीकडं काय म्हायती काडायची ऱ्हायली आसंल, तर ती आता मला इचारायची."

तो लाल झाला. वळून निघून गेला. मला इतकी लाज वाटली. साळूबाईशी मी जेवेपर्यंत बोलले नाही. एकटा माणूस विचारपूस करायला येतो आणि ती अशी अंगावर जाते. वयामुळे होत असेल.

रात्री कडी लावताना तिनं दाराला पाटा लावला. "आता हितनं मुक्काम हलवाया पायजे," म्हणाली. पण उद्याच हिंदीचा पेपर आहे. कुठे हलवणार?

१० मार्च, सोमवार

आज मी जे केलं ते लिहू की नको.

विज्ञानाचा पेपर देऊन आले. नळापुढे ओट्यावर पाच-सहा बायका लसूण निवडत बसल्या होत्या, साळूबाई पण. मीही बसले. त्यातल्या एकीचा नवरा म्हणे परप्रांतीयांवर नजर ठेवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात आहे, ती आम्हाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होती. कुणाला तरी उठाबशा काढायला लावल्या होत्या. मी लसणाकडे बघत राहिले. आकडे म्हणणारा आवाज माझा होता. कुणी ओळखला नाही. "पोरगी बघा कशी म्हनती घडाघडा," एक बाई म्हणाली.

तेवढ्यात साळूबाईचा फोन वाजला. तो माझ्याजवळच होता. त्याचा कानाचा आवाज बिघडलाय, स्पीकरवरच बोलावं लागतं. मी सवयीनं उचलला आणि आईचा आवाज सगळ्या ओट्यावर पसरला. बंगालीत. मोठ्यानं, कारण तिकडे रेंज नसते. परवा आलेला ताप उतरला का, पेपर कसा गेला, तू जेवलीस का.

सगळ्या बायकांनी वर बघितलं.

मी म्हणाले, "राँग नंबर."

 आई म्हणाली, "तापसी?"

मी पुन्हा म्हणाले, "राँग नंबर हाय, बाई," आणि बंद केला.

"कोन गं?" "कंपनीचा असंल." "आता तिकडचं लोकबी फोन कराया लागलं व्हय." साळूबाई लसूण निवडत राहिली. तिच्या नखाखालून रक्त आलं तरी निवडत राहिली.

नंतर खोलीत दार लावून मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

१३ मार्च

होळी. बाहेर पोरं बोंबा मारत होती, दरवेळी मी दचकत होते. आईचा फोन अजून बंद. बाबांच्या फोनवर कुणीतरी बंगाली बाई बोलते, नंबर अस्तित्वात नाही. आईला काय वाटलं असेल? तिला वाटलं असेल का, मला ती नको आहे?

काल विज्ञान दोनमध्ये येत असलेलं उत्तर मी लिहिलं नाही. विसरले नव्हते. पेन उचललंच नाही.

१७ मार्च, सोमवार

शेवटचा पेपर संपला. मुली एकमेकींच्या शर्टावर पेनानं नावं लिहीत होत्या. मी भिंतीच्या कडेनं निघाले. आरती मागून पळत आली. धापा टाकत म्हणाली, "दादा गेटवर हाय. तू मागनं जा." आणि माझा हात घट्ट दाबून उलट पळाली. मी म्हणाले, "अगं, पण तो..." तिनं ऐकलं नाही. रडत होती ती. मी मागच्या बाजूनं गेले. का ते मला नीट सांगता येणार नाही. पाय तिकडे गेले.

उद्या पहाटेची एसटी. साळूबाई पुणे स्टेशनपर्यंत येणार आहे. तिथे बाबांच्या ओळखीचं एक कुटुंब गावी निघालंय, त्यांच्याबरोबर मी जाणार, हे फोन बंद व्हायच्या आधीच ठरलं होतं. सामान एका पिशवीत मावलं.

संध्याकाळी साळूबाई दुकानात गेली होती. खोलीत मी एकटीच. फोन वाजला, नवीन नंबर होता. मी उचलला. बोलले नाही.

पलीकडून नुसता श्वास. मग एक बाई हळूहळू, एक एक शब्द चाचपत, मराठीत म्हणाली,

"हॅलो. मी आहुपे तून बोलते. साळूबाई ची बहीण. पोरगी हाय काय?"

मी तोंडावर हात दाबला. आहुप्यात कुणी असं बोलत नाही. जगात कुणीच असं मराठी बोलत नाही, माझी आई सोडून. तिनं हे कुणाकडून शिकून घेतलं असेल, किती वेळा म्हणून बघितलं असेल.

"पोरगी हाय काय?" तिनं पुन्हा विचारलं. "जेवली काय?"

मा, मी एकटीच आहे, आपल्या भाषेत बोल, असं मला म्हणायचं होतं. मी दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं. पण पत्र्याला कान असतात, पलीकडे बायकांच्या बांगड्या वाजत होत्या.

"हो मावशी," मी म्हणाले. "जेवले. उद्या निघते."

"बरं," आई म्हणाली. "बरं. बरं." तिला पुढचा शब्द येत नव्हता. आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही.